पोर्चकाकांचे चार कॅमेरे

पोर्चकाकांच्या घरी बेल वाजवली की दार लगेच उघडत नसे. आधी आतून आवाज येई, "थांब, हलू नकोस. आता डावीकडे बघ." आपण मुकाट्याने डावीकडे बघायचं. "आता उजवीकडे. टोपी काढ." न्यू जर्सीच्या जानेवारीत, नाकाचा शेंडा बधिर झालेला असताना, टोपी काढायची. मग शेवटचा हुकूम, "समोर बघून काहीतरी बोल." कॅमेऱ्याला ऐकू येत नव्हतं, तरी बोलायचं. एकदा मी कारण विचारलं तर म्हणाले, "गप्प उभा राहिलेला माणूस पासपोर्टच्या फोटोसारखा दिसतो, त्याच्या आईलासुद्धा ओळखू येत नाही. बोलायला लागला की चेहरा त्याचा होतो." मी बहुतेक वेळा "काकू, भूक लागलीय" एवढंच बोलायचो. ते खरंही असायचं.

त्यांना पोर्चकाका हे नाव आम्ही पोरांनी दिलं होतं. आम्ही म्हणजे नागपूर-पुण्याकडून प्रोजेक्टवर आलेली, एका अपार्टमेंटमध्ये चौघं-पाच जण दाटीवाटीने राहणारी व्हिसावाली मंडळी. काका साठच्या दशकाच्या शेवटी आलेले, वेस्ट विंडसरमध्ये घर, जवळच्या एका प्रयोगशाळेत उभा जन्म टीव्हीचं चित्र सुधारण्यात घालवून निवृत्त झालेले. अशा एखाद्या काका-काकूंच्या घरची आमटी खाल्ल्याशिवाय त्या भागातला एकही मराठी ब्रह्मचारी त्या वर्षांत जगला नसेल. आमच्या वाट्याला हे आले होते. आमटी उत्तम होती, फक्त तिच्या आधी पोर्चवर उभं राहावं लागायचं.

दाराच्या वर एका फळीवर चार कॅमेरे ओळीने बसवलेले होते, चारही एकाच पायरीकडे रोखलेले. पहिला जुना, साधा रंगीत. दुसरा कृष्णधवल. तिसरा रंगीत पण महागडा, मोठ्या काचेचा. चौथ्याच्या भोवती बारीक लाल दिव्यांचं कडं होतं. चारही कॅमेऱ्यांच्या वायरी भिंतीतून आत जाऊन चार व्हीसीआरना आणि टीव्हीला जोडलेल्या होत्या. टीव्हीवर अमुक एक चॅनल लावला की पोर्च दिसायचा. पोर्चच्या खांबावर काकांनी मराठी दिनदर्शिका टांगली होती. ऊन उतरायला लागलं की ते सोफ्यावर बसून बघत, कोणत्या कॅमेऱ्यात एकादशी किती वाजेपर्यंत वाचता येते. काकू म्हणायच्या, "उपास मी करायचा आणि एकादशी यांनी बघायची."

कॅमेऱ्यांबद्दल काकांची मतं ठाम होती आणि ती ऐकल्याशिवाय ताट मिळत नसे. "दिवसा कुठलाही कॅमेरा चांगलाच असतो रे. तिन्हीसांजेला काय करतो ते सांग." खोक्यावर छापलेल्या आकड्यांवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. "तो बायोडेटा झाला. स्थळ प्रत्यक्ष बघायचं असतं." लहान काचेच्या कॅमेऱ्यात लोक नंतर बटणं फिरवून चित्र उजळ करू बघतात, त्यावर त्यांचं उत्तर होतं, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" अंधार पडला की जुन्या कॅमेऱ्याच्या चित्रात नुसत्या मुंग्या यायच्या. कृष्णधवल बराच वेळ तग धरायचा. महागड्यात उभा माणूस छान दिसायचा, पण चालायला लागला की त्याचा धूर व्हायचा. आणि लाल दिव्यांचा तो चौथा तर मिट्ट काळोखातही बघायचा.

आमच्या टोळीत काकांना मीच का हवा असायचो, हे मला बरेच दिवस कळलं नाही. मी आपला समजत होतो की त्यांना मी आवडतो. शनिवारी दुपारी फोन यायचा, "प्रसाद, आज सनसेटच्या आधी ये. त्या गोऱ्या जोशाला आणू नकोस, त्याचा काही उपयोग नाही." जोशी म्हणजे माझा रूममेट, चित्पावनी घारा. मी काळा आहे. सावळा, निमगोरा वगैरे शब्द माझ्या बाबतीत लग्न जमवणाऱ्या मावशीनेही वापरून बघितले नाहीत. शाळेत मला डांबर म्हणायचे. त्यामुळे मला वगळून जोशाला बोलावल्याची सवय होती. जोशाला वगळून मला बोलावलं जाणं हा सन्मानच वाटला. मी शर्ट इस्त्री करून जायचो, हे आता आठवलं की कानशिलं तापतात.

लाल दिव्यांच्या कॅमेऱ्यात पहिल्यांदा स्वतःला बघितलं तेव्हा मी ओरडलोच असतो. काळोखात मी चक्क उजळ दिसत होतो. माझं काळं जाकीट राखाडी, जवळजवळ पांढरं, आणि चेहरा जोशापेक्षा गोरा. काकांनी सगळं शास्त्र समजावून सांगितलं. तो प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही, त्यात कातडीचा रंग फारसा उरत नाही, वगैरे. मी म्हटलं, "काका, याची एक प्रिंट काढून द्या. घरी मावशीला पाठवतो, स्थळं येतील." ते हसले नाहीत. टीव्हीकडे बघत म्हणाले, "या कॅमेऱ्यात सगळे गोरे. त्या दिवशी हा असता ना, तर काही झालंच नसतं."

कोणत्या दिवशी, ते त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. दोन हजार एकच्या त्या सप्टेंबरनंतर आपल्या लोकांना जे दिवस आले ते त्यांनाही आले होते. पार्किंगमध्ये कुणीतरी गाडीची काच खाली करून "घरी जा" म्हणून ओरडलं. मेलबॉक्सवर कुणी रंग फासला. तीस वर्षं ज्या गल्लीत बर्फ उपसला त्या गल्लीत काका खिडकीचे पडदे लावून बसायला लागले. मग त्यांनी दारावर कॅमेरा बसवला, तो पहिला, जुना. त्याच दिवाळीत त्यांची मुलगी रश्मी तिच्या मित्राला पहिल्यांदा घरी आणणार होती. मित्र कृष्णवर्णीय होता, टेरेन्स नावाचा, फिलाडेल्फियात शाळेत केमिस्ट्री शिकवणारा. रश्मीने फोटो आधीच पाठवला होता. रश्मी न्यूयॉर्कहून ट्रेनने येणार, तो फिलाडेल्फियाहून गाडीने. तिची ट्रेन उशिरा आली. तो वेळेवर आला आणि त्याने बेल वाजवली.

"तिन्हीसांज होती," काका म्हणाले. "टीव्ही लावला तर नुसत्या मुंग्या. एक उंच माणूस उभा आहे, हातात काहीतरी आहे, एवढंच. चेहराच दिसला नाही रे. दिवस कसे होते तुला माहीत नाही. मी पोलिसांना फोन केला. कुणीही केला असता."

उरलेलं काकूंनी स्वयंपाकघरात सांगितलं, नळ सोडून, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. दोन गाड्या आल्या होत्या. त्याला समोरच्या गवतावर बसवलं होतं, हात मागे. मिठाईचा डबा पायरीवर तसाच. शेजारीपाजारी बाहेर येऊन उभे. "आणि तेवढ्यात रश्मी स्टेशनवरून टॅक्सीने आली," काकू म्हणाल्या. "तिने आत पाऊलसुद्धा टाकलं नाही. पोलिसांनी त्याला सोडल्यावर त्याच्या पाठीवरचं गवत झटकलं आणि त्याच्याच गाडीत बसून गेली. लग्नाचं कार्ड पोस्टाने आलं, नातीचा फोटो पोस्टाने आला. ती आली नाही." मग नळ बंद करून म्हणाल्या, "तू कुठे बोलू नकोस हो. झाकली मूठ सव्वा लाखाची." मूठ कसली झाकली होती? मराठी मंडळात सगळ्यांना माहीत होतं. सगळे जेवायला आले की काकांना म्हणायचे, "खरंय, अंधारात काय दिसणार," आणि वाटी पुढे करायचे. मीही म्हणालो. माझीही वाटी पुढेच होती.

घरी परत येताना मला उलगडा झाला की मी तिथे कशासाठी उभा असतो. मी टेरेन्स होतो. काकांना त्याच्यासारखा एक काळा माणूस त्याच पायरीवर, तशाच उजेडात हवा होता. आता कुणालाही वाटेल की हे कळल्यावर मला त्या माणसाची कणव आली असेल, नाहीतर काकांचा राग. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की मी काही तेवढा काळा नाही. लिहितानाही लाज वाटते, पण तोच आला. आयुष्यभर डांबर ऐकून घेतलेला मी, आपली तुलना कुणाशी झाली म्हणून रुसून बसलो होतो. दोन शनिवार मी फोन उचलला नाही. तिसऱ्या शनिवारी काकूंनी पुरणपोळ्या केल्याचं कळलं आणि गेलो.

काकांचा बेत साधा होता. चारही कॅमेऱ्यांची एक टेप करायची, एकाच संध्याकाळची, एकाच माणसाची. आजचे कॅमेरे काय दाखवतात आणि त्या वेळचा काय दाखवत होता, हे एकापाठोपाठ एक. ती टेप रश्मीला पाठवायची. "ती लॉयर आहे," ते म्हणायचे. "रडणं-ओरडणं मानत नाही, एव्हिडन्स मानते. तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की त्या कॅमेऱ्यात स्वतःचा बापसुद्धा ओळखू येणार नाही, की मग ती येईल." त्यांचा आवाज हे बोलताना इतका आशेचा व्हायचा की मी लगेच उठून पोर्चवर जायचो. आणि खोटं कशाला बोलू, जुन्या कॅमेऱ्यात मी खरोखरच दिसत नव्हतो. मुंग्यांच्या वारुळात एक खांब, एवढंच. कुठल्याही कोर्टात टिकेल असा पुरावा होता.

पण काका इंजिनियर. अशी-तशी संध्याकाळ त्यांना चालत नव्हती. "उद्या ती म्हणेल, मार्चमधला उजेड वेगळा आणि नोव्हेंबरमधला वेगळा. पॉइंट आहे तिचा." म्हणून त्यांनी दिवाळीपर्यंत थांबायचं ठरवलं. तीच तिथी, म्हणजे चंद्राचा प्रश्न नाही. अमेरिकेत हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे घेतात, त्यानंतरचे दिवस. त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, या दिवशीही भरलेलं निघालं, तेव्हा त्यांना देवच पावला. खांबावरची दिनदर्शिका काढली, कारण तेव्हा ती नव्हती. मला जाकीट कोणतं घालायचं तेही त्यांनी फोनवर सांगितलं. एवढ्या काटेकोर माणसाच्या हातून काही सुटेल असं कुणाला वाटलं असतं?

लक्ष्मीपूजनाची वेळ आणि उजेडाची वेळ एकच आली. काकांनी चारही व्हीसीआर चालू केले आणि मला म्हणाले, "तुला क्रम पाठ आहे. डावीकडे, उजवीकडे, समोर, बोलायचं. मी अंघोळ करून येतो, नाहीतर तुझी काकू लक्ष्मीच्या आधी माझी पूजा करेल." मी बाहेर गेलो. पायरीवर उभा राहून डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. डोक्यावर काकूंनी लावलेला आकाशकंदील होता, पिवळ्या आणि लाल कागदाचा, नागपूरच्या आमच्या गॅलरीत असायचा तसा. मला घरची आठवण आली. मी "काकू, भूक लागलीय" म्हणालो आणि आत गेलो. कंदील चाचणीत नसतो, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

पूजा झाली. काका झब्बा घालून टीव्हीसमोर बसले, मी शेजारी. काकूंनी मला चकल्यांची बशी दिली होती. लाल दिव्यांचा कॅमेरा झाला, महागडा झाला, कृष्णधवल झाला. मग जुना लागला. मी स्पष्ट दिसत होतो. चित्र काही देखणं नव्हतं, कडेला मुंग्या होत्याच, पण मध्ये मी होतो. कंदिलाचा लाल तुकडा माझ्या गालावर पडला होता. कॉलर दिसत होती, मिशी दिसत होती, बोलताना दातही दिसले. काका पुढे सरकून बसले.

तेवढ्यात काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. टीव्हीकडे त्यांची नजर गेली आणि त्या म्हणाल्या, "अहो, प्रसादला बाहेर काय उभा केलाय एवढ्या थंडीत? आत घ्या त्याला."

मी मागे वळून म्हटलं, "काकू, मी इथे आहे. ही टेप आहे."

त्या हसल्या. मग पुन्हा टीव्हीकडे बघितलं आणि त्यांचं हसू मावळलं. "हा कुठला कॅमेरा?"

"पहिला," काका म्हणाले.

काकू खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "त्या दिवशीही कंदील होता हो. मीच लावला होता."

"माहीत आहे मला."

माझ्या तोंडात चकलीचा तुकडा होता. तो चावावा तर आवाज होणार, आणि न चावता गिळावा तर घशात अडकणार. मी तो तसाच गालात धरून बसलो. काका टीव्हीकडे बघूनच बोलत होते, हवामानाची बातमी सांगावी तसे. "चित्रात ओळखलं मी त्याला. फोटो पाहिलेला होता. तरी खात्री करावी म्हणून दाराशेजारच्या काचेचा पडदा बाजूला केला. त्याने मला बघितलं. डबा वर करून दाखवला. हसला. फोटोत हसतो तसाच."

"मग फोन का केलात?" काकूंनी विचारलं.

"मला तो यायला नको होता." मग म्हणाले, "कॅमेरा होता म्हणून सांगायला बरं पडलं."

काकूंनी त्यांना काही दोष दिला नाही, हात लावला नाही, धीरही दिला नाही. त्या उठून आत गेल्या आणि भांड्यांचा आवाज सुरू झाला. मला वाटलं, आपण जमिनीत जावं. ज्यांच्या घरी पोटभर जेवलो त्या माणसाला इतकं उघडं बघायची माझी तयारी नव्हती. आणि मी कोण लागून गेलो होतो? "अंधारात काय दिसणार" म्हणून मान डोलावणाऱ्यांत मी होतोच की.

नाताळच्या आधी एका रविवारी काकांचा फोन आला. "मला फिलाडेल्फियाच्या गल्ल्यांत पार्किंग जमत नाही. तू ड्राइव्ह करशील?" पार्किंग त्यांना उत्तम जमायचं. मी काका-काकूंना घेऊन गेलो. वाटेत ते एकच इंग्रजी वाक्य पुटपुटत होते आणि प्रत्येक वेळी त्यातला एखादा शब्द बदलत होते. काकूंनी मांडीवर डबा धरला होता. त्यांनी एकदाच तोंड उघडलं, "सरळ सांगा. वळणं नकोत."

दार टेरेन्सने उघडलं. माझ्यापेक्षा हातभर उंच, चष्मा लावलेला, पायात मोजे, खांद्यावर लहान मुलाचं फडकं. त्याने आम्हाला बघितलं आणि "प्लीज, कम इन, सर" म्हणाला. काका आत गेले नाहीत. दारातच म्हणाले, "आय सॉ यू दॅट इव्हनिंग. इट वॉज नॉट डार्क." बाकी पाठ केलेलं सगळं ते विसरले.

"आय नो," टेरेन्स म्हणाला. "यू मूव्ह्ड द कर्टन." मग आत एकदा बघून आवाज अगदी खाली आणला आणि सांगितलं की रश्मीला त्याने हे कधी कळू दिलेलं नाही. तिला तो इतकी वर्षं हेच सांगत आला होता, की अंधार होता, वडिलांना दिसलं नसेल, सोडून दे. ती आता जराशी निवळायला लागली होती. तेव्हा सर, हे तसंच राहू द्या, असं तो म्हणाला.

काकांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. जी सबब शोधायला त्यांनी आणखी तीन कॅमेरे विकत घेतले, ती त्या माणसाने त्यांना केव्हाच फुकट देऊन टाकली होती. नुसतं मान हलवून आत जायचं, चहा प्यायचा, नातीला मांडीवर घ्यायचं, एवढंच उरलं होतं. ते तसं करतील असं मला क्षणभर वाटलं, आणि खरं सांगायचं तर करावं असंही वाटलं. काकूंनीही डोळे मिटून घेतले होते. पण काकांनी टेरेन्सच्या खांद्यावरून आत बघत मोठ्याने हाक मारली, "रश्मी, मला दिसलं होतं गं. मी ओळखलं होतं त्याला."

ती आतल्या दारात आली. काकूंसारखाच चेहरा. तिने बापाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं, तेही काही कमी रागाने नाही. मग ती जिना चढून वर गेली.

टेरेन्सने आम्हाला बसवलं आणि चहा दिला. मी कोण म्हणून विचारलं, तर काकांनी तेही काही न लपवता सांगितलं, की याला मी पोर्चवर उभा करत होतो, कशासाठी करत होतो. मी बुटांकडे बघत होतो. टेरेन्सने मला नीट न्याहाळलं. "सो यू वेअर मी," तो म्हणाला आणि हसला. त्याच्या हसण्यात राग नव्हता, तरी मला त्या कपातला चहा संपवता आला नाही. रश्मी खाली आली नाही. निघताना काकूंचा डबा त्याने ठेवून घेतला.

त्यानंतर काकांनी कॅमेऱ्यांच्या वायरी काढून टाकल्या. महागडा कॅमेरा मंडळाला देऊन टाकला. बेल वाजली की काकू दार उघडायच्या आणि आम्ही पोरं सवयीने डावीकडे बघत उभे असायचो. तिन्हीसांजेबद्दलची, काचेबद्दलची ती भाषणं बंद झाली. जेवण तेवढंच चांगलं होतं, पण आधीसारखं गिळवत नव्हतं. काकांना गप्प बसून जेवताना आम्ही कधी बघितलं नव्हतं.

मग टेरेन्स यायला लागला. महिन्या-दीड महिन्याने एखाद्या शनिवारी, नातीला, छोट्या मीराला घेऊन. जावई येतो आणि मुलगी येत नाही, अशी तऱ्हा मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलेली नाही. एकदा मी काकांना विचारलं, "त्याने तर माफ केलं काका, मग ती का नाही येत?" ते म्हणाले, "त्याने काय केलं ते मी त्याला विचारलेलं नाही, विचारणारही नाही. त्याच्यासमोर मला लाज वाटते, ती मी गिळू शकतो. तिला माझी लाज वाटते रे. ती कशी गिळायची ते तिचं तिने बघायचं." मग मीरासाठी ते केळं सोलायला लागले.

दोनेक वर्षांनी मला जॉर्जियात नोकरी मिळाली तेव्हा निघायच्या आधी मी जेवायला गेलो होतो. अल्फारेटात घरं स्वस्त आहेत, थंडी कमी आहे, असं काही मी बोलत होतो. टेरेन्स आणि मीराही होते. काकू सगळ्यांना वाढत होत्या, मीरा इंग्रजीत पोळी नको म्हणत होती आणि काकू मराठीत वाढत होत्या. टेरेन्सचा फोन वाजला. त्याचे हात वरणाने भरलेले होते, म्हणून त्याने कोपराने बटण दाबून स्पीकर लावला.

रश्मीचा आवाज मी पहिल्यांदाच नीट ऐकला. घाईचा, वकिली. मीराने खाल्लं का, निघणार कधी, रस्त्यात काम चालू आहे, असं सगळं एका दमात. मग ती जरा थांबली. "हॅज ही टेकन हिज बीपी पिल?"

"ही इज राइट हिअर," टेरेन्स म्हणाला. "आस्क हिम."

काकूंच्या हातातला तुपाचा चमचा मीराच्या ताटावर तसाच राहिला. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता, बराच वेळ. मग फोनचा उजेड गेला.

काका खुर्चीतून पुढे वाकले. त्यांनी घसा साफ केला आणि फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन, तिला नीट ऐकू जावं अशा बेताने म्हणाले, "घेतली गं. सकाळीच घेतली." फोन बंद झालेला होता, ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं. त्यांना तसं कुणीच सांगितलं नाही.